हिरव्या दिवसांची शिफ्ट

उभीच बोलते, ताई, बसायला नाही आले — आणि फाटकावरच्या वॉचमनला बोलू नका, त्याने अडवलं होतं, मीच घुसले. तुमच्या बेकरीत मोठ्या भट्टीवर आहेत ना, डाव्या हातावर भाजल्याचा डाग असलेले, त्यांची मी बायको. हो, तीच. मला एवढंच सांगा, माझ्या नवऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय? इतकी माणसं आहेत इथे, रात्रीची शिफ्ट त्यांच्याच गळ्यात का मारता? आणि तीही नेमकी त्याच दिवसांत! कुठले दिवस म्हणून काय विचारता — बाई आहात ना तुम्ही? बरं, सांगते, लाज केव्हाच धुऊन वाळत घातलीय मी. मूल राहायचे दिवस. महिन्यातून चार-पाच येतात, बास, बाकीचा महिना नुसता जागा अडवतो.

आणि ते दिवस काय आपोआप कळतात? सकाळी डोळा उघडला की अंथरुणातच तोंडात थर्मामीटर — उठायचं नाही, बोलायचं नाही, शेजारीण दार बडवत असली तरी. आणि तो मेला सगळं आटोपल्यावर सांगणार! अंग जरा तापलं म्हणजे समजायचं, बीज सुटून गेलं. मग त्या लघवीच्या पट्ट्या — दुसरी रेघ गडद झाली की एक-दीड दिवसात बीज सुटणार. मोबाइलमधलं अ‍ॅप हिरवे दिवस दाखवतं, पण ते आपलं अंदाजपंचे, मागच्या महिन्यांवरून ठोकून देतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुटायच्या आधीचेच दिवस कामाचे, सुटल्यावर बीज जेमतेम एक दिवस टिकतं. हुकलं की हुकलं. अडतीस सरलं मला, ताई. दिवसभर लोकांच्या बाळांची झबली शिवते — गळा केवढा ठेवायचा ते आता न मोजता कळतं.

आज सकाळी रेघ आली. ही अशी गडद, तुमच्या पेनाच्या शाईसारखी. ह्यांना दाखवली, तर हसले, डोक्यात टपली मारली, म्हणाले, “घे, आली तुझी लाडकी.” आणि दुपारी फोन — “अगं, बाईंनी आज रात्री लावलंय, ऐकतच नाहीत.” म्हणून आले. भांडायला आले होते, पण हात जोडते. आजची रात्र सोडा त्यांना. दुसऱ्या कुणाला —

काय म्हणालात? रात्रीची शिफ्ट कोण मागतं? — ते, स्वतःहून? भलतंच काहीतरी. दुसरे कुणी असतील, तुमचा घोटाळा होतोय. अहो, ते अ‍ॅप त्यांनी आपणहून घेतलं स्वतःच्या मोबाइलमध्ये! मी म्हटलंसुद्धा नव्हतं. किती मिरवलं मी — नवरा असावा तर असा, बायकोचे दिवस पाठ आहेत त्याला —

पाठ आहेत त्याला.

थांबा. मागच्या महिन्यात रेघ लवकर आली होती. अ‍ॅपमध्ये काही हिरवं नव्हतं अजून. मीच फोन केला, आनंदाने, हातातली कात्री खाली पडली माझ्या. आणि त्याच संध्याकाळी म्हणे भट्टीवरचं कुणीतरी आजारी पडलं, जावंच लागेल. कोण आजारी होतं, ताई? — आठवा ना. — कुणीच नाही. हं. म्हणजे अ‍ॅप चुकलं तेव्हा मी होते. मीच सांगायचे त्याला, आता पळ म्हणून.

सासूबाई मला वांझ म्हणतात, त्याच्या देखत. हा मान खाली घालून जेवत असतो. मला वाटायचं, बिचाऱ्याला माझं दुःख बघवत नाही! नको होतं तर तोंडाने म्हणायचं — नको. दोन अक्षरं. रडले असते, घर डोक्यावर घेतलं असतं, पण वय तरी हातात होतं तेव्हा. दुसरा काही विचार केला असता. ह्याने भांडण नको म्हणून माझी वर्षं भट्टीत घातली.

तो फोन खाली ठेवा. बोलावू नका त्याला. पाणी नको. शिफ्ट? नाही, बदलू नका, मागितलीय ना त्याने — द्या. उद्याचीही द्या. आणि सकाळी घरी यायची घाई करू नकोस म्हणावं, कुलूप बदलायला माणूस बोलावतेय मी. कीव करू नका हो अशी, तोंडावर मारल्यासारखी वाटते. सरका, जाऊ द्या मला.