विषय सारखा दिसला की काढ

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते. बहिणीच्या डोळ्यांत थेंब घातलेले, म्हणून तिचा फोन भावाच्या हातात.

“ताई, तुझ्या नव्या कॉम्प्युटरवर सगळ्या मेल्स दोन-दोनदा आल्या होत्या ना? सकाळी साफ केल्या. आता प्रत्येकीची एकच प्रत.”

“प्रकाशकाची आहे ना? माझी चित्रं पुस्तकात घेणार की नाही, ते या आठवड्यात कळवणार होते.”

“आहे की. ‘चित्रं मिळाली, कळवतो.’”

“ती जुनी झाली. नंतरची?”

“त्यांच्या सगळ्या मेल्सचा विषय एकच होता, म्हणून एक ठेवली आणि बाकीच्या उडवल्या.”

“उघडून पाहिल्यास?”

“हजारो मेल्स होत्या गं! प्रोग्रामला सांगितलं, पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय सारखा दिसला की काढ.”

“शहाण्या! माझ्या दोन वर्षांच्या कामावर बोळा फिरवलास!”

“ओरडू नकोस, लोक बघतायत. कचरापेटी अजून रिकामी केलेली नाही... थांब. सापडली! कालची आहे.”

“वाच. नको, थांब. हं, वाच.”

“‘तुमची सगळी चित्रं आम्हाला हवी आहेत.’ ताई! सगळी!”

“खोटं बोलतोयस.”

“तुझी शप्पथ! ‘आज संध्याकाळपर्यंत होकार कळवा, नाहीतर दुसऱ्या चित्रकाराला विचारावं लागेल.’”

“मग बघत काय बसलायस? लिही, हो!”

“लिहिलं. पाठवू?”

“पाठव. आणि लगेच परत एकदा पाठव, विषय बदलून. त्यांच्या ऑफिसातही कुणाला तुझ्यासारखा भाऊ असायचा!”