‘धुवायच्या चादरी’ असे लिहिलेली बॅग

जबाब देणार : नवरीची आई. ओळखीत सगळे ‘वहीवाल्या काकू’ म्हणतात. पूर्ण नाव शनिवारच्या फिर्यादीत आहे. वय ५४ वर्षे. शिक्षण मॅट्रिक पास. धंदा घरकाम. राहणार बाहेरगाव, छापखान्याच्या वरचा दुसरा मजला. मुलीच्या लग्नासाठी शुक्रवारपासून येथील हॉलवर मुक्काम.

आज रविवारी दुपारी अडीच वाजता मी आपण होऊन ठाण्यात आले आहे. ठाण्यातून कोणी बोलावले नाही, कोणी पढवले नाही. समक्ष सांगते ते असे की,

आज सकाळी साडेआठ वाजता माझी तपकिरी बॅग मला हॉलवर परत मिळाली. तिच्यात नवरीचा पोशाख, कापड व शिलाई मिळून तीन हजार आठशे पन्नास रुपये. दोन अंगठ्या, एकवीस हजार चारशे. नवरीचे बूट, पाचशे चाळीस. सहा रुमाल, नव्वद. सुईदोरा, कात्री व पिनांचा पुठ्ठा मिळून पासष्ट. लग्न नोंदवायचे कागद. आणि माझी प्रार्थनेची वही, तिला किंमत नाही, एवढ्या वस्तू होत्या. मी दोनदा मोजल्या. पिनांच्या पुठ्ठ्यावरची एक पिनसुद्धा कमी नाही. सबब चोरी झालेली नाही. शनिवारी संध्याकाळी मी लॉन्ड्रीवाल्याविरुद्ध दिलेली फिर्याद चुकीची होती, ती मी मागे घेते.

बॅग गेली कशी ते सांगते. सामान बांधायची माझी एक रीत आहे. सासूबाई सांगायच्या, “डब्यात मोलाचं असलं की वर ‘सुतळी’ लिहावं, चोरालाही उघडायचा कंटाळा आला पाहिजे.” तीस वर्षे मी तसेच करत आले आणि आमच्या घरातून कधी चमचा गेलेला नाही. लग्नासाठी पाच बॅगा भरल्या. औषधांच्या बॅगेवर ‘खिळे’, पाहुण्यांच्या भेटींवर ‘रद्दी’, अशा चिठ्ठ्या डकवल्या. नवरीच्या बॅगेवर ‘धुवायच्या चादरी’ लिहिले. कोणत्या बॅगेत खरे काय, ते फक्त माझ्या हिशेबाच्या वहीत लिहिलेले असते.

बॅगा भरताना मुलगी म्हणाली होती, “म्हणजे आई, लग्नाला मी धुवायच्या चादरी घालून उभी राहायचं?” माझे यजमान म्हणाले, “तुझ्या वहीचं कुलूप चोराला लागणार नाही. ते एक दिवस आपल्यालाच लागेल.” मी दोघांना म्हटले, “हसा. घर कोणी सांभाळलं ते देवाला माहीत आहे.”

शनिवारी दुपारी दोन वाजता हॉलच्या वरच्या खोलीत बॅगा ठेवल्या. सकाळी जे आधी लागेल ते दाराजवळ, या हिशेबाने नवरीची बॅग अगदी दाराला लागून ठेवली. तीन वाजता मी खाली खुर्च्या मोजत होते. एकशे वीस सांगितल्या होत्या, भरत होत्या एकशे चौदा. तेवढ्यात हॉलचा लॉन्ड्रीवाला जिन्यावरून म्हणाला, “ताई, वरच्या खोलीतल्या चादरी नेऊ ना?” मी मागे न बघता म्हटले, “ने, ने. मोजून ने.” तो खोल्यांतल्या चादरी दर शनिवारी नेतो, हे मला मॅनेजरने आधीच सांगितले होते.

चार वाजता वर गेले तर बॅगा चारच. हॉलच्या फाटकाशी बसणाऱ्याला विचारले. तो म्हणाला, “लॉन्ड्रीवाल्याच्या ढकलगाडीवर गाठोडी होती आणि एक तपकिरी बॅग होती.” मी तडक ठाण्यात आले.

जमादारांनी मला तेव्हा स्पष्ट विचारले होते, “बॅगेवर काही खूण? काही लिहिलेलं?” मी “काही नाही” असे सांगितले. ते खरे नव्हते. चिठ्ठ्यांची रीत ही घरातली गोष्ट, ती परक्यांना कशाला सांगायची, असे तेव्हा वाटले. शिवाय चादरी म्हटल्या की माझ्या डोळ्यांपुढे हॉलच्याच चादरी होत्या. माझी बॅग म्हणजे मला आतला पोशाख दिसत होता, वरची चिठ्ठी नाही.

लॉन्ड्रीवाल्याला साडेपाचला त्याच्या दुकानातून माझ्यासमोर आणले. जमादारांनी त्याला विचारले, “नवरीच्या पोशाखाची आणि अंगठ्यांची बॅग कुठे आहे?” तो म्हणाला, “साहेब, असली बॅग मी डोळ्यांनी बघितली नाही. मी चादरी नेल्या, त्यासुद्धा ताईंना विचारून. माल धुवायच्या शेडवर गेलाय, उद्या सकाळी उघडतील.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, तुम्हीच म्हणालात ना, मोजून ने?” मी म्हटले, “चादरी ने म्हटलं. माझं घर उचलून ने म्हटलं नाही.” यावर ठाण्यातले एकदोघे हसले. तो हसला नाही. त्याला ठाण्यात बसवून ठेवले आणि मी हॉलवर गेले.

बॅग मिळाली नाही तर सोय असावी म्हणून रात्री माझ्या बहिणीने तिच्या मुलीचा लग्नातला पोशाख काढून दिला. तो खांद्यात सैल होत होता. मी चार टाके घातले.

आज सकाळी साडेआठ वाजता लॉन्ड्रीवाल्याची बायको बॅग घेऊन आली. पोशाख तिने वेगळा, हातावर आडवा धरून आणला होता. ती म्हणाली, “ताई, वर चादरी लिहिलंय आणि आत हे! बॅग तशीच उलटी करून उकळत्या पाण्यात सोडतो आम्ही. बूट खडखडले म्हणून हात घातला.” मी पोशाख उलगडून बघू लागले तशी म्हणाली, “घडी पडली होती, इस्त्री फिरवून आणलीय. कापड जळकं नाही, बघून घ्या.”

मी इस्त्रीचे पैसे काढले. ती म्हणाली, “पैसे राहू द्या. मी सात वाजता ठाण्यावर जाऊन आले. फिर्याद दिली त्या बाई आल्याशिवाय सोडता येत नाही म्हणाले. तुम्ही तेवढं येऊन सांगा.” मी म्हटले, “आत्ता येते.” ती बरं म्हणून गेली.

लग्न अकरा वाजता होते. हॉलपासून ठाणे वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. मुलगी म्हणाली, “आई, आधी जाऊन ये. नऊला निघालीस तर दहाला परत येशील.” मी म्हटले, “व्याही येऊन बसलेत. नवरीची आई ठाण्यात गेली म्हटल्यावर त्यांना काय सांगू? लग्न एकदाच होतं.” पोशाखाची बटणे मी लावणार होते, पाठीला अठरा आहेत. ती मुलीने मावशीकडून लावून घेतली.

लग्न वेळेवर झाले. पोशाख अंगावर नीट बसला. सव्वा वाजता जेवणे आटोपली. मी जेवले नाही. उपास होता का, असे जमादारांनी विचारल्यावरून सांगते की, उपास नव्हता.

दोन वाजता हॉलच्या मॅनेजरचा हिशेब चुकता केला. तो म्हणाला, “काकू, बॅग मिळाली, सुटलात. उद्यापासून लॉन्ड्रीसाठी दुसरा माणूस लावलाय मी.” मी विचारले, “का?” तो म्हणाला, “पाहुण्यांच्या खोल्यांत ज्याला ठाण्यावर नेलं त्याला कसा सोडू? अकरा वर्षं काम केलं त्यानं, मलाही वाईट वाटतं. पण उद्या कोणाचा रुमाल हरवला तरी लोक त्याचंच नाव घेतील.” मी म्हटले, “चूक माझी होती.” तो म्हणाला, “तुम्ही चांगल्या घरच्या आहात, म्हणून असं म्हणता. ठाण्याचा कागद दाखवा, मग बघू.” तेथून मी थेट इकडे आले. मुलीची पाठवणी चारला आहे, तोवर मला येथे कितीही बसवा.

माझे म्हणणे थोडक्यात असे. चिठ्ठी खोटी होती ती मी लिहिली. नेऊ का असे विचारल्यावर न बघता हो म्हटले ते मी. खूण विचारल्यावर ‘काही नाही’ म्हटले तेही मी. लॉन्ड्रीवाल्याने वर लिहिलेले वाचले आणि विचारून नेले. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. खोटी फिर्याद दिल्याबद्दल जो दंड असेल तो सांगावा. मी पैसे बरोबर आणले आहेत, त्यासाठी पुन्हा घरी जावे लागणार नाही.

वरील मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना ते ‘आत्ता येते’ या शब्दांपाशी थांबले आणि म्हणाले, “काकू, साडेआठ ते अडीचचं काढून टाकू या. बॅग मिळाली, तुम्ही आलात, एवढं पुरे. उगाच तुमचंच वाईट दिसतं.” मी काढू दिले नाही. हा कागद हॉलचा मॅनेजर वाचणार आहे, त्याला त्या माणसाचे सहा तास कुठे गेले ते कळले पाहिजे. लिहिले ते माझ्याच तोंडचे आहे, एकही अक्षर जास्त नाही, कमी नाही, म्हणून खाली पूर्ण सही करते.

सहीनंतर विनंती की, जबाबाची एक शिक्क्याची नक्कल मला आत्ताच मिळावी, ती मॅनेजरच्या हातात देऊनच मी गावी जाईन. साहेबांची सही झाल्याशिवाय लॉन्ड्रीवाल्याला सोडता येत नाही आणि साहेब संध्याकाळी येतात, असे मला सांगण्यात आले. माझी गाडी पाचची आहे. तिकीट लावलेले, माझ्या पत्त्याचे पाकीट सोबत ठेवले आहे. त्याला सोडले का, किती वाजता सोडले आणि त्याला न्यायला घरचे कोणी आले होते का, ते उलट टपाली कळवावे.