आपण निघावं आता

मंडळी, पूर्वरंगात आपण ऐकलं की सगळ्या भूतमात्रांत एकच हरी भरलेला आहे. ऐकलं ना? माना तर झकास डोलावल्यात! आता उत्तररंगाला उभा राहताना मी तुम्हाला एकच विचारतो — दोन माणसं एकमेकांपासून तुटायला काय लागतं? बांधाचं भांडण लागतं? भावकी लागते? कोर्टकचेरी? पुढच्या रांगेतले काका हळूच म्हणतायत, सुनेचा पायगुण लागतो. काका, सूनबाई मागंच बसल्यात, जेवायला घरीच जायचंय तुम्हाला!

यातलं काही लागत नाही, मंडळी. एक शब्द पुरतो. शिवीसुद्धा नको. चांगला, धुतलेला, देवघरात ठेवावा असा एक शब्द. त्याचं आख्यान ऐका.

नदीकाठचं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, पुढच्या महिन्यात तिथं माझं कीर्तन आहे! त्या गावात मधुसूदन रिसबूड नावाचे सर होते. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी लांब परदेशात. घरात पुस्तकं आणि सर. पुस्तकं जास्त, सर थोडेच! भाषेचा मोठा अभिमान. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकली की दुकानात जाऊन सांगणार, आणि काही न घेता बाहेर पडणार. दुकानदार लांबून सर दिसले की आत वळायचे.

आणि दुसरे दौलतराव खराडे. एसटीच्या डेपोत नोकरी झालेली, मिशा भरघोस, आवाज असा की स्टँडवर लाउडस्पीकर बंद पडला तरी गाडी चुकायची नाही कोणाची. वाचनाचा नाद, पण कसला? तलवारींच्या कादंबऱ्या! सर नाक मुरडायचे. दौलतराव म्हणायचे, "सर, तुमच्या कवितेत कुनी मरतबी न्हाई आन जितंबी ऱ्हात न्हाई." — हसू नका, अशी जोडी जमते कशी हे देवालाच ठाऊक. वाचनालयात एकाच वर्तमानपत्रावर दोघांनी हात टाकला, आणि जमली!

दर गुरुवारी दोघं फिरायला निघायचे. लांब नाही हो! म्हाताऱ्यांचं अर्धं तिकीट काढायचं, पिशवीत दशम्या आणि पाण्याची बाटली, आणि एसटी नेईल तिथं. कधी बंधाऱ्यावर, कधी डोंगरातल्या लेण्यात, कधी कुणाच्या गुऱ्हाळावर गरम काकवी चाटायला. सर वाटेत कविता म्हणायचे, दौलतराव झाडांची नावं सांगायचे. राजकारणावरून तर रोज खडाजंगी. सरांचा पक्ष एक, दौलतरावांचा दुसरा. पक्षांची नावं मी घेणार नाही, बुवाला सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावायचा असतो! पण खडाजंगी झाली की दशमी अर्धी अर्धी व्हायची. सर घरी आले की पुढच्या गुरुवारची वाट बघायचे. मंडळी, निवृत्त माणसाच्या आठवड्यात एक गुरुवार असणं ही फार मोठी गोष्ट आहे. तुमच्या घरात एखादा म्हातारा खिडकीशी बसलेला असेल, त्याला विचारा.

एकदा लेण्याच्या पायरीवर बसून सरांनी दौलतरावांना समजावलं, की आपल्या भाषेत एक मौज आहे. इंग्रजाला एकच शब्द, हिंदीवाल्याला एकच, आपल्याला दोन. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी माणसं, समोरचा बाहेर. 'आपण' म्हणजे समोरचाही आत. 'आम्ही जेवलो' म्हटलं की पाहुणा उपाशी, 'आपण जेवू' म्हटलं की त्याचं पान मांडलं! दौलतरावांनी हातातली दशमी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हंजी सर, इतकी वर्सं मी नुसतं बोलतच हुतो. आज कळालं काय बोलतोय." त्या दिवसापासून गडी सरांशी जपून, नेटकं बोलायला लागला. डेपोतली माणसं चेष्टा करायची, दौलतराव आता पुस्तकातलं बोलतात म्हणून.

पुढं नगरपालिकेची निवडणूक आली. आली म्हणजे काय विचारता! दौलतरावांचा सख्खा पुतण्या संग्राम एका पॅनेलमधून उभा राहिला, आणि रिसबूड सर दुसऱ्या पॅनेलच्या सभेत भाषण करून आले. भाषण भाषेवरच होतं म्हणा, पण स्टेजवर बसले म्हणजे बसले. गावाला तेवढं पुरतं.

अशात गुरुवार उजाडला. सर पिशवी घेऊन दौलतरावांच्या दारात गेले. बघतात तो घराचा पुढचा सोपा कार्यकर्त्यांनी गच्च भरलेला. मध्ये संग्राम, भिंतीला टेकवलेला मोठा फलक — 'आम्ही इथले!' सर आत आले. आता गप्प बसावं की नाही? पण मास्तरचा जीव! फलक वाचला आणि म्हणाले, "संग्राम, 'आम्ही' कशाला? 'आपण इथले' लिही. सगळं गाव आत येईल."

सोप्यात कोणीतरी हसलं. संग्राम शांतपणे म्हणाला, "सर, बरोबरच लिहिलंय ते. आम्ही म्हणजे आम्हीच. तुमचे आजोबा कोकणातनं आले न्हवं? तुमी त्यात न्हाई."

मंडळी, सरांचा जन्म त्याच गावातला. बाप तिथल्याच नदीवर जाळलेला, बायको तिथंच जाळलेली. कॉलेजच्या वर्गात अर्धं गाव त्यांच्यापुढं बसून गेलेलं, त्या सोप्यातलीसुद्धा चार-दोन पोरं त्यांचीच. त्यांनी खाली बघितलं. सरांना राग आला नाही, त्यांना लाज वाटली. भर चौकात कुणी धोतर फेडावं तशी. आणि त्यांनी दौलतरावांकडं पाहिलं. एकाच माणसाकडं पाहिलं. हा बोलेल.

दौलतराव उठले. तोंड लालबुंद झालेलं. आणि भरल्या सोप्यात, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले —

"सर, आपण निघावं आता."

आणि वळून आत गेले.

पेटीवाले, थांबा जरा. सूर नको इथं. — मंडळी, तुम्ही काय ऐकलंत? 'आपण' या शब्दाला आणखी एक दार आहे, ते सरांनी लेण्याच्या पायरीवर सांगितलं नव्हतं. फार आदरानं, किंवा फार रागानं, आपण समोरच्यालाच 'आपण' म्हणतो. आपण बसावं, आपण यावं. तुम्ही-तुम्ही म्हणणारा मित्र एकदम 'आपण' म्हणाला की समजावं, चार हात लांब सरकला! सरांच्या कानात तेच दार उघडलं. आपण निघावं — म्हणजे, कृपा करून माझ्या घरातून चालते व्हा.

सर वळले. चपला घातल्या. कसे घरी पोचले त्यांना कळलं नाही. पिशवी खुंटीला अडकवली, दशमी तशीच राहिली.

पुढचा गुरुवार आला. सर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून व्हरांड्यात बसले. फाटकाकडं कान. दौलतराव आले नाहीत. त्याच्या पुढचाही गुरुवार गेला. मनात रोज भांडण चाललेलं. हा माणूस माझा होता आणि त्यानं पुतण्याच्या चार पोरांसाठी मला दाराबाहेर काढलं. स्वतः उठून जावं का? विचारावं का? पण ज्यानं निघा म्हटलं त्याच्या दारात परत कसं जायचं? एकदा बाजारात दौलतराव समोरून आले. त्यांनी मान खाली घातली. सरांना वाटलं, लाज वाटतेय त्याला. सरांनीही मान फिरवली. संपलं.

संपलं म्हणतो, पण दुखणारं माणूस गप्प बसतं का हो? शहाणं माणूस तर मुळीच बसत नाही. ते आपल्या दुखण्याचं व्याख्यान करतं!

निवडणूक झाली, संग्राम निवडून आला, आणि पावसाळ्याच्या सुमारास वाचनालयात सरांचं भाषण ठेवलं. विषय, 'मराठी भाषेचं सौजन्य'. सर रंगात आले आणि म्हणाले, "आपली भाषा इतकी सुसंस्कृत आहे, की माणसाला घरातून हाकलायलासुद्धा शिवी लागत नाही. मोठ्या आवाजात, मिशीला पीळ देऊन एवढंच म्हणायचं — आपण निघावं आता!" आणि सरांनी आवाज असा काढला, हुबेहूब स्टँडवरचा!

हशा पिकला, मंडळी. तुम्हीही हसलात! नाव घेतलं नव्हतं, पण त्या आवाजाचा गावात एकच धनी. लोक हसता हसता मागं वळून बघायला लागले. सरांनीही बघितलं. शेवटच्या बाकावर दौलतराव बसले होते. भाषण ऐकायला आले होते, आपण होऊन. हातात कापडी पिशवी होती. ते उठले, खुर्च्यांना धक्का लागू न देता हळूहळू दारातून बाहेर गेले. सरांना वाटलं, बरं झालं, लागलं एकदाचं! पण पुढची वाक्यं त्यांना आठवेनात. कसंबसं भाषण उरकलं.

त्यानंतर दौलतराव अंथरुणाला लागले. छातीचं दुखणं होतं, आधीपासूनचं. सरांच्या कानावर आलं. जावं, जाऊ नये, यातच दिवस गेले. आणि एक दिवस सकाळी बातमी आली की दौलतराव गेले. सर नदीवर गेले आणि गर्दीच्या पार मागं उभे राहिले. लाकडं पेटली तेव्हा त्यांना रडू आलं, पण रडायचं कुठल्या नात्यानं? त्यांनी तोंडावर रुमाल धरला, धूर लागल्यासारखा.

तेरावा उलटल्यावर सर भेटायला गेले. दौलतरावांची बायको, शेवंताबाई, सोप्यात एकट्या बसलेल्या. सर कितीदा त्या घरात जेवलेले. वहिनी म्हणायचे त्यांना. सर समोर बसले. मग शेवंताबाईच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मंडळी. राग असता तर बरं झालं असतं.

"सर, त्या दिशी तुमी का थांबला न्हाई?"

सरांना कळेना, कुठल्या दिवशी?

"संग्राम तुमास्नी तसं बोलला तवा. हे तुमास्नी म्हनले की आपन निघावं आता, आन पिशवी आनाय आत आले. मला म्हनले, शेवंते, दशम्या दे, मी आन सर चाललो. माझ्या घरात सरांचा असा अपमान, मी हितं बसनार न्हाई. मी पिशवी भरून दिली. पोरं आडवी आली, संग्राम म्हनला, काका, आज उठून गेलासा तर आमचं तुमचं संपलं. त्यावरबी उठून गेले. बघत्यात तर तुमी नव्हता. स्टँडवर पळाले. तिथं सांजपतोर बसले. म्हनले, सर माझ्यासाठी थांबलं न्हाईत, माझ्या घरात झालं म्हनून मलाबी त्यांनी सोडलं."

 ऐका मंडळी! तो माणूस 'चला सर' म्हणाला असता तर काहीच झालं नसतं! आयुष्यभर तो 'चला'च म्हणत आला. पण त्या दिवशी, चार टवाळांसमोर, सरांचा मान राखावा म्हणून सरांकडूनच शिकलेली शुद्ध, नेटकी भाषा त्यानं काढली. आणि ज्याचा मान राखायचा त्यालाच ती कळली नाही. जन्मभर ज्यानं 'आपण' शिकवलं, त्याच्या कानाला 'आपण' म्हणजे आपण दोघं हे ऐकू आलं नाही! सगळ्या ज्ञानाला काय जाळायचंय?

सर कसेबसे म्हणाले, "वहिनी, मग माझं भाषण ऐकल्यावर तरी त्यांना कळलं असेल, मी काय समजलो ते. तेव्हा का आले नाहीत सांगायला?"

"मी बी तेच म्हनलं," शेवंताबाई म्हणाल्या. "म्हनलं, जावा, सरांस्नी सांगा की तुमचं ऐकन्यात चुकलं. तर म्हनले, सरांना मी काय मराठी सांगू?"

  सर उठले. दारापर्यंत शेवंताबाई आल्या. इतकी वर्षं 'सर, तुमी जेवून जावा' म्हणणारी ती बाई, पदर सारखा करून, परक्या मोठ्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "आपन आलात, बरं झालं."

या वेळी ऐकण्यात काही चूक नव्हती.

सर अजून आहेत, मंडळी. वाचनालयात जात नाहीत. गुरुवारी स्टँडवरच्या बाकावर बसतात. गाडी लागते, सुटते. कुठल्याच गाडीत चढत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, यात देव कुठं आला? नाहीच आला! मीही शोधला. वाटलं होतं शेवटी कुणीतरी धावून येईल, पण कुणी आलं नाही. देव काय करणार? त्यानं माणसांना जीभ दिली, कान दिले, आणि एकमेकांचं दार चालत जाता येईल इतक्या जवळ दिलं. पुढं यायला त्याला आपण जागा ठेवलीय का?

मघाशी 'आपण निघावं'ला या मांडवात केवढं हसू फुटलं. ज्याच्याकडं बघून लोक हसले तो माणूस बाहेर चालला होता, आणि तुम्ही हसत होता. मी तुम्हाला हसवलं, ते मुद्दाम. या गावातही दोन पॅनेलं आहेत. यंदा मांडवात डावीकडं कोण बसलंय आणि उजवीकडं कोण, मला आल्याबरोबर कुणीतरी कौतुकानं सांगितलं! हे आख्यान मी गावोगाव सांगतो. बाया डोळे पुसतात, बाप्ये आरतीला उभे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दारावरून, तीच मान खाली घालून जातात. खोटं कशाला बोलू, तुम्हीही तेच करणार आहात.

तरी सांगतो. ज्याच्याशी तुमचं बोलणं तुटलंय, तो आज जिवंत आहे. तो त्या दिवशी काय म्हणाला, ते तुम्ही नीट ऐकलं होतंत, अशी तुमची खात्री आहे. सरांचीही होती.

आरती आणा. उभे राहा सगळे.