आकडा लागत नाही

—नको गं बाई, फूल नको! सून आधीच विचारत होती, आई, सुनावणीला निघालात की स्वतःच्या लग्नाला? अंबाडाच घाल, पण घट्ट घाल, मी बोलायला लागले की माझी मान जागेवर राहत नाही — टीव्हीवर पाहिलंस ना मला? पाहिलंस! हसू नकोस, तोंडात आकडे आहेत तुझ्या, गिळशील एखादा. त्यांच्याही तोंडात सदा आकडेच असतात, पण ते वेगळे. कुणाच्या म्हणजे काय — प्लुटोबांच्या! खरं नाव नव्हे गं, सुनेनं ठेवलंय. ते कारखान्याच्या बाजूनं बोलतात, मी विरोधात. अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनातून प्लुटोनियम काढायचं आणि त्याचीच पुन्हा वीज करायची, असा तो कारखाना. ते म्हणतात, नातवंडांच्या नातवंडांचे दिवे जळतील. मी म्हणते, त्याचाच बॉम्बही होतो. ते म्हणतात, आपला शांततेसाठी आहे. मी म्हणते, प्लुटोनियमला कुठं ठाऊक आपण शांततेसाठी आहोत ते! टाळ्या. चार महिने हेच चाललंय — आणि खरं सांगू? चार महिन्यांत माझे गुडघे दुखलेले नाहीत. भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई मी, घरात माझं ऐकतंय कोण? आणि हा माणूस मान वाकडी करून माझं एकेक वाक्य ऐकतो आणि मग खोडून काढतो. इतकं मनापासून मला कुणी खोडून काढलं नव्हतं. आमच्या ह्यांनीसुद्धा नाही — गेले ते, चांगले होते बिचारे, सगळ्याला 'हो' म्हणायचे आणि पेपर वाचायचे.

तेच सांगते, धीर धर. मी त्यांना कायम 'महोदय' म्हणायची, ते मला 'बाईसाहेब'. मागच्या खेपेला ते परदेशातल्या टक्केवारीत शिरले ते थांबेचनात, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — 'अहो, ऐका ना!' माईकवर! आणि सूर कसा? अगदी तो — नवऱ्यालाच लागतो ना, तो. बरं, माझं चुकलं ते चुकलं, त्यांनी तरी गप्प बसावं? कागदातून डोकं वर न काढता म्हणाले, 'काय गं?' अगं, सगळा हॉल! अध्यक्ष पाणी पीत होते, ते त्यांच्या नाकात गेलं. मी टेबलाखाली चप्पल शोधायला लागले, चप्पल पायातच होती.

मग मधल्या सुट्टीत चहाच्या यंत्रापाशी गाठलं त्यांना. कान लालेलाल झालेले. मला वाटलं, माफी मागतील. तर म्हणाले काय — 'तुम्ही तो एक प्रश्न मला का विचारत नाही?' कुठला? तर म्हणे, कारखान्यात किती प्लुटोनियम असायला हवं आणि मोजून किती भरतं, याचा मेळ कधीच पुरता लागत नाही. थोडं नळ्यांना चिकटतं, थोडं मापात चुकतं. पण ते नळीतच आहे, कुणी उचलून नेलेलं नाही, हे छातीवर हात ठेवून कुणालाच सांगता येत नाही. मी म्हटलं, मग सांगा की तुम्हीच! म्हणाले, 'आपण होऊन सांगायची हिंमत नाही माझ्यात. पण तुम्ही विचारलंत तर खोटं बोलायचीही नाही.' दिलं की गं मला, स्वतःच्या हातानं! लोक अंगठी देतात. आयुष्य घातलंय त्यांनी या कारखान्यासाठी — आणि आज शेवटची सुनावणी, मग लगेच कारखाना हवा की नको यावर मतदान. विचारलं तर ते तोंडावर पडणार, सगळ्यांदेखत. नाही विचारलं तर कारखाना होणार, माझ्या नातीच्या शाळेच्या मागेच, वर्गाच्या खिडकीतून दिसेल. आमच्या बाजूचे सगळे म्हणतात, आजी, आज सोडू नका त्यांना. आणि मी इथं येताना ठरवून आले होते, नाही विचारायचं. होऊ दे खुशाल कारखाना! — अय्या, बोलले का मी हे? कुणाला सांगशील तर बघ हं. वेडी झालेय मी, आणि मला फार छान वाटतंय.

झालं? मग काय शोधतेस? आकडा? एक कमी भरतोय? केसात असेल, नाहीतर पडला असेल टेबलाखाली, बघ. नाही? झाडूनबिडून घेतलं असेल कुणी — काय म्हणालीस? 'जाऊ दे'? अगं, जाऊ दे काय, माझ्या डोक्यात असला तर टोचेल की मला उशीला डोकं टेकलं की, आणि तू खुशाल म्हणतेस जाऊ—

थांब. आरशातून बघू नकोस माझ्याकडे अशी.

हेच की गं ते.

नाही, रडत नाहीये, फवारा गेला डोळ्यात. विचारणार. विचारायलाच हवं, नाहीतर त्या माणसानं मला ते दिलं कशाला? पण पहिला शब्द 'अहो' असणार — मुद्दाम, माईक अगदी जवळ घेऊन. आणि त्यावर ते 'काय गं' म्हणाले, तर… आणि 'बाईसाहेब' म्हणाले, तर—

सरक, उठू दे मला, उशीर होतोय. आणि तो आकडा शोध. जाऊ दे म्हणू नकोस.