चार महिने ओठाला काही लावायचं नाही

नाही नाही, बस तू, उठतोय मी — हे असं चांगल्या कुशीवर वळायचं, हाताचा रेटा द्यायचा, मग पाय खाली — नर्सबाईंनी शिकवलंय. झालं, उठलो की. कमरेचं हाड काढलं म्हटल्यावर लोकांना वाटतं माणूस अर्धा झाला. एवढंसं काढलंय, बोटाच्या पेराएवढं. वरचे पुढचे चार दात गेले, त्यांच्यामागून जबड्याचं हाडही झिजलं — आता नवे दात रोवायचे तर त्यांना धरायला काही नको? म्हणून कमरेचं काढून तिथे बसवलं, स्क्रूनं. गंमत म्हणजे तोंड फारसं दुखलंच नाही, दुखते ती कंबर. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. आणि मांडीची ही बाजू अजून बधिर — हात लावला तर दुसऱ्याच कुणाची वाटते. येईल म्हणे हळूहळू. पाचवा आठवडा चाललाय.

बँडमास्तर काय म्हणतात? जागा ठेवलीय माझी? — भले. सव्वीस वर्षं पहिला ट्रम्पेट मी वाजवला, ठेवतीलच. कवळी लावून वाजवायचो ते आठवतं ना — फुंकलं की कवळी सटकायची आणि शेजारी तू मान खाली घालून हसायचीस. हसायचीस, मला ठाऊक आहे, रागावलो नव्हतो. नुसतं जेवायचंच असतं तर कवळी पुरली असती, हा सगळा खटाटोप त्या खुर्चीसाठी.

डॉक्टरांनी बजावलं होतं, चार महिने ओठाला काही लावायचं नाही. अवघड आहे का? — कुणालाच नाही. पण तुला माहीत आहे आपलं, आठवडाभर वाजवलं नाही की ओठ परके होतात. मला वीस दिवस झाले होते. ही बाजारात गेलेली. मी नुसता माउथपीस काढला, ट्रम्पेट पेटीतच — वाजवायचं नव्हतंच, फक्त टेकवायचा, पूर्वीसारखा गार लागतो का बघायचं. लागला. मग जरासा श्वास सोडला. सूर लागला गं. मग थांबतोय कोण? — दहा मिनिटं असतील. आरशात बघितलं तर टाके उसवलेले.

नाही, डॉक्टरांना नाही सांगितलं. हिलाही नाही. आतलं पांढरं दिसतं आता, वास येतो — म्हणून मघापासून तोंडापुढे हात धरलाय. परवा जिभेला स्क्रू हलताना लागला. गेलंच ते हाड, धरून चाल. दुसऱ्या बाजूचं काढता येईल, कमरेला दोन बाजू असतात — पण मला भीती वाटते. दुखण्याची नाही. वीस दिवस झाले की मी परत तेच करीन, त्याची.

मास्तरांना सांग, जागा ठेवू नका. तूच बस तिथे. — रडतेस काय, वाजव नीट म्हणजे झालं. ऊठ आता, ही येईल एवढ्यात, तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार महिन्यांचे दिवस खोडायला घेतलेत. जाताना दार नुसतं लोटून घे.