दिगंबररावांचं बोट आणि बिनसाखरेची कुल्फी

मंडळी, ऐका. कीर्तनाच्या पूर्वरंगात सत्याविषयी पुष्कळ बोलून झालं. आता एकच प्रश्न घेऊ. प्रेमाने केलेली चूक कमी लागते का? घाईने माना हलवू नका. तुमची मान 'हो' म्हणते आहे, हे इथून दिसतं. गेली तीस वर्षं दिसतं आहे.

एका तालुक्याच्या गावी दिगंबरराव टेंभुर्णीकर नावाचे गृहस्थ राहत. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि उतारवयात स्वतःचं रक्त मोजायची पाळी आली. मधुमेह! उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला चपलेचा पट्टा लागला. जखम एवढीशी, पण दोन महिने भरेना. डॉक्टर म्हणाले, "काका, तीन आठवडे बघू. साखर उतरली नाही, तर बोट काढावं लागेल."

काकांनी मान डोलावली. ऐकलं ते मालिनीबाईंनी, त्यांच्या पत्नीने. तेव्हापासून त्या भाकरी वजनावर देऊ लागल्या. गोळ्या डबीत, जखम धुणं सकाळ-संध्याकाळ, जेवणाची वेळ घड्याळावर. आजारी माणूस दुपारी झोपतो, मंडळी. त्याची काळजी घेणारं माणूस त्या वेळात पट्ट्या उकळत असतं.

चैत्राचं ऊन. दिगंबररावांनी एकच मागणं केलं, "दुपारी काहीतरी गार देशील का गं?"

शेजारच्या पमाताई तत्पर. तुमच्याही शेजारी एक आहेत. त्या म्हणाल्या, "कुल्फी लाव. साखर नकोच. खजूर वाट, पिकलेलं केळं घाल. साखरेचा दाणा नाही बघ त्यात."

मालिनीबाईंनी दूध आटवलं. तासभर चुलीपुढे उभं राहून, दुखऱ्या मनगटाने ढवळून. खजूर वाटून घातला, साचे बर्फाच्या कप्प्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी चाखलं तर गोडी बेताची. हे असं का, सांगतो. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. पदार्थातून ती कुठेही गेलेली नसते. बाईंना हे कोण सांगणार? त्यांनी पुढच्या वेळी खजूर वाढवला. आणि डब्यावर चिठ्ठी लावली: 'बिनसाखरेची'.

कोण बोललं? यशवंतराव, तुम्ही? "बुवा, खजूर तर नैसर्गिक असतो." असतो ना. धोतराही नैसर्गिक असतो.

हिशेब करा. कुल्फीमागे चार खजूर, अर्धं केळं, पाव लिटर दूध आटवून. साखरेचे दहा चमचे, थोडे इकडे तिकडे. दाणेदार साखर नव्हती हे खरं. पण आपल्या भाषेत 'साखर' हा शब्द डब्यातल्या पांढऱ्या दाण्यांनाही आहे आणि रक्तातल्या आकड्यालाही. बाईंनी पहिली काढली आणि दुसरी काढली असं समजल्या. एका शब्दाने घात केला.

आठवड्याने तपासणी झाली. आकडा वर! मालिनीबाई घरी आल्या आणि त्यांनी कपाट हुडकलं, सदऱ्याचे खिसे हुडकले.

"खरं सांगा, बाहेर काय खाता?"

"काही नाही."

"मग आकडा काय हवेतून चढतो?"

पुढच्या आठवड्यात आकडा आणखी वर. बाईंनी त्यांचं संध्याकाळचं फिरणं बंद केलं, वाटेत मिठाईचं दुकान होतं म्हणून. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहण्याची वेळ प्रथमच आली. रागावण्याचंही त्राण उरलं नव्हतं. दुपारी चारला मात्र त्या कुल्फी घेऊन त्यांच्या शेजारी बसत. दोघं पंख्याखाली, न बोलता. तेवढा अर्धा तास.

महिना पालटला. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं. मागे पेन्सिलीने बारीक, सरळ ओळीत, भूमापकाच्या अक्षरात लिहिलेलं: 'कुल्फीपूर्वी १६४, नंतर २९१.' खाली दुसरी तारीख. अशा अकरा नोंदी.

त्या पान घेऊन पलंगापाशी गेल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिसऱ्या दिवसापासून. तू आत गेलीस की हाताचं बोट टोचून यंत्रावर मोजायचो."

"आणि मी तुमचे खिसे तपासत होते! बोलला का नाहीत?"

दिगंबररावांनी पायाची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "दिवसभर तू माझी गोळी बघतेस, जखम बघतेस, ताट बघतेस. चार वाजता तेवढी नुसती शेजारी बसायचीस. ती कुल्फी बंद झाली असती, मालिनी, तर तेही गेलं असतं."

मालिनीबाई खाली बसल्या. रडल्या का? नाही. त्या फार दमल्या होत्या. थोड्या वेळाने उठल्या, डब्यावरची चिठ्ठी काढली आणि साचे मोरीत उपडे केले.

आता तुम्ही म्हणाल, देवाला दया आली आणि बोट वाचलं. नाही वाचलं. वैशाखात काढलं. चूक प्रेमाने केली होती, मौन प्रेमाने धरलं होतं. पण रक्ताला हेतू वाचता येत नाही. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, आणि त्याची लांबी एका बोटाइतकी.

दिगंबरराव घरी आले, त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी चारला मालिनीबाई वाटी घेऊन आल्या. घट्ट दही फेटून गोठवलेलं, वेलदोडा, वर तीन-चार जांभळं. शेजारी बसल्या.

"कशी झाली आहे?"

त्यांनी चमचा तोंडात धरला, विचार केला. "चांगली नाही."

"अजिबात?"

"अजिबात. आंबट आहे, आणि दातांना झिणझिण्या येतात."

मालिनीबाई बऱ्याच दिवसांनी हसल्या. वाटी हातात घेऊन उरलेली त्यांनी संपवली, आणि अर्धा तास झाला तरी उठल्या नाहीत.

मंडळी, कीर्तनानंतर प्रसाद आहे. मघाशी फळ्यावर वाचलं: 'मधुमेहींसाठी खास गुळाचा शिरा'. लिहिणाऱ्याचा भाव शुद्ध आहे, शंका नाही. यशवंतराव, तुमच्या सौभाग्यवती तिकडे खांबाशी बसल्या आहेत. त्यांनी तुमच्यासाठी द्रोण आणला, तर नुसता हात पुढे करू नका. आज सकाळचा आकडा त्यांना सांगा. खरा सांगा. मग दोघं शेजारी बसून अर्धा घास खा.

टाळ उचला. नाव घेऊ या. आवाज बेताचाच लावा. घरी कोणीतरी दमून झोपलं असेल.