लक्ष्मीसाठी उघडं ठेवलेलं गाडीचं दार

बरोबर सहा वाजून चाळीस मिनिटांनी हे दाराचं रामायण सुरू झालं बघा. आमच्या भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, जुन्या टेम्पोत पलंग आणि पंखा बसवून त्याची कॅम्परव्हॅन केलीय. पहिल्या मुक्कामाला सासूबाईंसकट आम्हाला खारबावला खाडीच्या काठावर नेलं. खिडक्यांना बारीक जाळी दाखवून म्हणाले, "वहिनी, मच्छराचा बाप पण आत येणार नाही." माझी चिमी आठ महिन्यांची, त्यात शेजारच्या पोराला नुकताच डेंग्यू झालेला. मी पटकन दार ओढून घेतलं.

तशा सासूबाई ओरडल्या, "अगो, दिवेलागणीला दार लावतेस? लक्ष्मी मागारी जाईल ना!"

"आई, ही गाडी आहे."

"पलंग हाय, पंखा हाय, मंग घर न्हाय तर काय हाय?"

"आई बराबर बोलते," म्हणत भावजींनी दार सताड उघडलं आणि वर आतला दिवाही लावला.

अर्धा तास खाडीचे मच्छर आत येत होते. मग सासूबाईंचं समाधान झालं आणि दार लागलं. आता त्या जाळीतून एकालाही बाहेर पडता येईना! चिमीच्या गालावर गांधी उठली तशी मी तिला घेऊन उतरले आणि रिक्षाला हात केला.

"वहिनी, जाळी तर एक नंबर आहे ना?" भावजी मांडी खाजवत विचारतात.

"हो, एक मच्छर सुटला नाही."

तेवढं तुमच्या सासवांना सांगून ठेवा बायांनो, लक्ष्मीला जाळीतूनही येता येतं. दार फक्त मच्छराला लागतं.